मोकळं तांबं

मे महिन्यातल्या एका रविवारी मी आईवडिलांच्या घरातलं सगळं तांबं पोत्यात भरलं आणि गाडीत टाकून अंबाजोगाईला घेऊन आले. पाण्याचा हंडा, दोन तांबे, एक फुलपात्र, आंघोळीचं घंगाळ, देवघरातलं ताम्हण आणि पळीसुद्धा. माय दारात उभी राहून बघत होती. ती एकदाच बोलली, "देवाचं तरी ठिव." मी ठेवलं नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, सत्तावीस वर्षं शिकवतेय, आणि एखादी गोष्ट आपल्याला कळली आहे असं एकदा मला वाटलं की माझ्यापुढे देवाचंही काही चालत नाही.

अण्णा, माझे वडील, तेव्हा खाटेवर बसले होते. पोतं उचलताना हंडा घंगाळावर आपटला, तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "हळू, बाई." पूर्वी ते मला पोरी म्हणायचे. त्या वर्षीच्या संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला वाकले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला "बाई, तुमी कुठून आलात" असं विचारलं होतं, आणि मी अंबाजोगाईहून आले असं सांगितल्यावर "लई लांबून आलात" म्हणून माझ्या हातावर तिळगूळ ठेवला होता. तेव्हापासून मी बाईच होते.

पालीला आमची मोसंबीची बाग आहे. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे निघालं की बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसतं, तिथून हाकेच्या अंतरावर. ती अण्णांनी लावली, जगवली, आणि बागेला जपावं तसं त्यांनी आम्हा भावंडांनाही जपलं असावं, पण बागेकडे लक्ष जरा जास्तच होतं. मोसंबीला डिंक्या नावाचा रोग होतो. खोडाला चिरा पडतात, डिंक गळतो आणि झाड वाळत जातं. त्यावर उपाय म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेली बोर्डो पेस्ट. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, झाडाच्या बुडापासून गुडघ्याच्या वरपर्यंत ती ब्रशनं लावायची. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, निळेशार खडे. चाळीस वर्षं अण्णांनी ते खडे हातानं हाताळले. हातमोजे वगैरे प्रकार आमच्याकडे कुणाला माहीत नव्हता. कुणाच्या लग्नात पंगतीला बसले की शेजारचा हमखास विचारायचा, "नखं निळी कावून हो तुमची?" आणि अण्णा सांगायचे, "बागाईतदाराची मेंदी हाय ही."

तीन वर्षांपूर्वी विसरणं सुरू झालं. आधी बागेतच कळलं. पाणी देऊन झालेल्या आळ्याला तासाभरानं पुन्हा पाणी सोडायचे. एकदा एकाच झाडाला सकाळपासून तीनदा पाणी दिलं आणि चौथ्यांदा निघाले तेव्हा माझा धाकटा भाऊ त्यांच्यावर ओरडला. अण्णा ओशाळून म्हणाले, "त्याला तहान लागल्यावानी दिसायलंय." मग वाटा चुकल्या, मग भावाचं नाव गेलं, मग माझं. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले आणि अल्झायमर म्हणून सांगितलं. ही डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी. अकरावीत तिला मोल म्हणजे काय ते मी तीनदा शिकवलं होतं.

आता माझा स्वभाव असा की हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. मी वाचायला लागले. फोनवर, मिळेल ते, अधलंमधलं. त्यात एका ठिकाणी वाचलं की अल्झायमर झालेल्या मेंदूत प्रथिनांच्या गाठी साठतात आणि त्या गाठींमध्ये तांबं अडकलेलं सापडतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला अण्णांची निळी नखं दिसली. मग आठवलं की घरात पाणी तांब्याच्या हंड्यातलं, आणि रोज रात्री माय उशाशी तांब्या भरून ठेवते तोही तांब्याचाच. पहाटे उठल्या उठल्या अण्णा तो तांब्या वर धरतात, ओठाला न लावता घटाघटा अर्धा रिकामा करतात आणि मग बागेत जातात. मला वाटलं, सापडला. इतकी वर्षं घरात राजरोस बसलेला चोर मला सापडला. मला आनंद झाला होता हे कबूल केलं पाहिजे. वडील हातातून निसटत चालले असताना त्याला कारणीभूत एक वस्तू सापडावी, आणि ती पोत्यात भरून नेण्यासारखी असावी, यासारखं दुसरं समाधान नाही.

म्हणून ते पोतं.

मी निघाल्यावर मायनं स्टीलचा नवा तांब्या काढला. ती माझ्यावर चिडली होती, पण शिकलेल्या पोरीच्या विरुद्ध जायचं तिला धाडस होत नाही; तो धाक मीच तिला वर्षानुवर्षं घातलेला आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी उशाशी हात नेला, तांब्या उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. मायनं पेल्यात पाणी ओतून हातात दिलं. ते हात जोडून म्हणाले, "नको. आत्ताच पिऊन आलो." दुपारीही तेच. संध्याकाळी ते उठले, टोपी घातली आणि मायला म्हणाले, "येतो मी. घरी वाट बघायलेत."

हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी मायनं सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. माय म्हणाली की त्यांना आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आलोय असंच वाटत होतं. चार दिवस ते पाहुण्यासारखे वागले. खाटेच्या कडेवर बसायचे, मांडी घालायचे नाहीत. जेवण वाढलं की दोन घास खाऊन पुरे म्हणायचे. परक्या घरी माणूस मागून पाणी पीत नाही, आणि दिलेलंही भिडेनं घेतो, तसं एखादा घोट घ्यायचे. मायनं विनवलं, भाऊ रागावला. अण्णा दोघांशीही गोड बोलले आणि दोघांनाही म्हणाले, आमच्या घरी तांब्याचा तांब्या हाय. बाहेर मे महिन्याचं ऊन असं होतं की बागेतली पानं वळत होती.

पाचव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. "आक्का, अण्णा उठंनात."

मी पोचले तेव्हा बीडच्या दवाखान्यात त्यांना सलाईन लागलेलं होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या, जीभ कोरडी ठाक. डॉक्टर म्हणाले की अंगातलं पाणी कमी झालंय, वेळेवर आणलं म्हणून बरं. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. माय अण्णांच्या पायाशी बसली होती, तिनं मला जागा करून दिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. मला माझी चूक तिथं दिसत होती, सलाईनच्या नळीतून थेंब थेंब उतरत होती, आणि तरी मी एवढी हट्टी की माझ्या मनात चाललं होतं, ठीक आहे, पाणी कमी झालं, ते भरून येईल, पण तांबं तर बंद झालं ना. दोन दिवसांनी त्यांना सोडलं तशी मी त्यांना पालीला न नेता सरळ अंबाजोगाईला घेऊन गेले. मला त्यांच्या रक्तातलं तांबं मोजून हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी अण्णांना तपासलं, नर्सला सांगून बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि माझं सगळं ऐकून घेतलं. पोत्याची गोष्ट मी आवाज चढवून सांगितली. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, रक्तातलं तांबं मोजता येईल. पण त्या आकड्याचं आपण काय करणार?"

"जास्त असेल तर कमी करायचं. तांबं काढायची औषधं असतात, मी वाचलंय."

"असतात. एक दुर्मीळ आजार आहे, त्यात यकृताला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही, ते अंगात साठत जातं. तिथं ती औषधं देतात. तुम्ही दोन आजार एक केलेत, मॅडम. अण्णांना तो नाही."

"मग त्या गाठींमधलं तांबं? ते खोटं आहे का?"

"खरं आहे. पण पुढचंही ऐका." तिनं टेबलावरची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी वर्गात तिच्याकडे जशी बघायचे तशी ती आता माझ्याकडे बघत होती, न कळणाऱ्या पण प्रामाणिक विद्यार्थिनीकडे बघावं तशी. "त्याच मेंदूत, गाठींच्या बाहेर, पेशींना जे तांबं लागतं ते उलट कमी भरतं. म्हणजे जिथं नको तिथं अडकलंय आणि जिथं हवं तिथं पोचत नाही. मेंदूला तांबं लागतंच, त्याच्याशिवाय पेशीचं काम चालत नाही. शिवाय काही रुग्णांच्या रक्तात सैल तांबं जास्त सापडतं, प्रथिनानं घट्ट न धरलेलं, सुटं. पण ते सुटं तांबं आजार घडवतं, का आजारामुळेच ते सुटतं, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. काढून बघितलं, देऊन बघितलं. भरवशाचं काही हाती आलेलं नाही."

"मग मी काय करू?"

"पाणी पाजा."

"कशातून?"

"ज्यातून पितील त्यातून. भांडं घासून लख्ख ठेवा, त्यात ताक, लिंबू, आंबट काही ठेवू नका. पाण्यात उतरतं तेवढं तांबं त्यांच्या अंगाला झेपेल. पाण्यावाचून मात्र ते राहणार नाहीत."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली, "मॅडम, शेतकऱ्यांना हे लवकर समजतं. तांबं किती यापेक्षा ते कुणी धरून ठेवलंय का नाही, एवढाच प्रश्न आहे." मी मान डोलावून बाहेर पडले. बाकावर अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला बघून उठायला लागले, कुणी मोठं माणूस आल्यावर उठतात तसे.

त्या आठवड्यात ते माझ्याकडेच राहिले. भाऊ दुसऱ्याच दिवशी मायला घेऊन आला, आणि मायनं माझ्या घरात माझ्याशी न बोलता राहून दाखवलं. माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते पोतं पडलेलं होतं. तिनं त्यातून एक तांब्या काढला, चिंचेनं घासला, पाणी भरलं आणि अण्णांच्या पुढे ठेवला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. अण्णांनी तांब्या उचलला, वर धरला, आणि त्यांच्या गळ्याची घाटी वर खाली होताना मी बघत राहिले. ते पाणी प्याले. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, जिथे ते यापूर्वी दोनदासुद्धा आले नसतील, तिथे त्यांनी तांब्या खाली ठेवला, खाटेवर मांडी घातली आणि मायला विचारलं, "बागेतली मोटार बंद केली का?" ते घरी पोचले होते.

मी त्या दिवशी कॉलेजात जाऊन लायब्ररीतून जीवरसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक काढलं. सुट्टी होती, स्टाफरूममध्ये मी एकटीच. फोनवरच्या तुकड्यांनी जे झालं ते झालं, आता पहिल्या पानापासून वाचायचं ठरवलं. आणि मी जे वाचलं त्यानं मला अक्षरशः तोंडात बोट घालायला लावलं. शिपाई टेबलावर चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली, मला पत्ता नव्हता.

माणसाच्या सगळ्या अंगातलं तांबं एकत्र केलं तर ज्वारीच्या दाण्याएवढाही गोळा होत नाही. एवढ्याशा तांब्यासाठी शरीरानं केवढा बंदोबस्त केलाय. अन्नातून आलेलं तांबं आतड्यातून यकृतात जातं. यकृत त्यातलं लागेल तेवढं प्रथिनात पक्कं बसवतं आणि रक्तात सोडतं, जादा झालेलं पित्तातून बाहेर काढतं. रक्तातलं बहुतेक तांबं ज्या प्रथिनात बसवलेलं असतं ते वेगळं काढलं तर निळं दिसतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. निळं. म्हणजे अण्णांच्या लाल रक्तातून, माझ्याही, त्या डॉक्टरणीच्याही, सगळ्यांच्या, हा निळा रंग कुणालाही न दिसता जन्मापासून फिरतोय. सत्तावीस वर्षं मी फळ्यावर तांब्याचं चिन्ह काढत आले, अणुक्रमांक एकोणतीस म्हणून घोकून घेत आले, आणि मला हे माहीत नव्हतं.

पुढे तर याहून नवल. पेशीच्या आत गेलेलं तांबं कधी मोकळं सोडलेलंच नसतं. त्याला न्यायला खास प्रथिनं असतात. एक ते धरतं, दुसऱ्याच्या हातात देतं, दुसरं जिथं काम आहे तिथं नेऊन बसवतं. विहिरीच्या कामावर मातीचं घमेलं खालून वर हातोहात येतं, मध्ये कुणी खाली ठेवत नाही, तसं. पेशीत पाहायला गेलं तर सुटा म्हणावा असा तांब्याचा अणू जवळजवळ सापडत नाही. कारण तो सुटला तर आजूबाजूला जे असेल त्याची मोडतोड करतो. आणि त्याला अजिबात येऊच दिलं नाही तर पेशी गुदमरते, कारण आपण श्वासात घेतलेला प्राणवायू पेशीत जिथं खर्ची पडतो त्या शेवटच्या पायरीवर तांबंच बसलेलं आहे. धोक्याचं आहे म्हणून हाकलायचं नाही, हवं आहे म्हणून मोकळं सोडायचं नाही. हे सगळं कुणी न सांगता, क्षणाक्षणाला, प्रत्येक पेशीत चाललेलं असतं. अण्णा झाडाला चौथ्यांदा पाणी द्यायला निघत होते त्याही क्षणी चाललेलं होतं. मी स्टाफरूममध्ये एकटी होते म्हणून बरं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि त्याला दुःख म्हणता येणार नाही. मला एवढंच वाटत होतं की हे इतकं सांभाळलेलं आहे, आणि इतकं सांभाळूनही कुठंतरी एखाद्याच्या हातातून घमेलं निसटतं.

आणि मग मला विळा आठवला.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. बागेत तीन टप ठेवलेले असायचे. एकात रात्रभर भिजवून विरघळवलेला मोरचूद, एकात फोडलेला, म्हणजे पाण्यात विरवलेला चुना, आणि तिसरा रिकामा. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या टपात ओतायची आणि काठीनं ढवळत राहायचं. आकाशी रंगाचा दाट रबडा तयार व्हायचा. मग अण्णा विळा घ्यायचे, पातं दगडावर घासून पांढरं करायचे आणि त्या रबड्यात बुडवून धरायचे. मी शेजारी उकिडवी बसलेली. ते विळा बाहेर काढायचे, आणि कधी कधी पात्यावर तांबूस थर चढलेला असायचा, पॉलिश केल्यासारखा. मला ती जादू वाटायची. मी विचारलं होतं, "अण्णा, हे तांबडं कावून झालं?"

ते म्हणाले होते, "जेवढं तांबं चुन्यानं धरलं तेवढं गुमान बसलंय. जे मोकळं राह्यलं ते सापडंल त्याला धरतंय. आज इळ्याला धरलं. असंच झाडाला लावलं तर झाडाला जाळंल."

"मग आता?"

"आता अजून चुना. तांबं वाईट न्हाई पोरी. मोकळं सुटलेलं वाईट."

त्या विळ्यामुळे मी रसायनशास्त्राकडे वळले असं म्हटलं तर ते फार नीटनेटकं होईल, कारण खरं तर मला मेडिकलला मार्क कमी पडले होते. पण ती क्रिया मी पुढे दरवर्षी वर्गात शिकवली. लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतं, समीकरण लिहा, संतुलित करा. समीकरण माझ्या लक्षात राहिलं आणि अण्णांचं बोलणं विसरलं. डॉक्टरीणबाई जे मला अर्धा तास समजावत होती ते मला नवव्या वर्षी सांगून झालेलं होतं. विसरणं काही एकट्या अण्णांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. अर्थात मेंदू म्हणजे बोर्डोचा टप नव्हे, हे मला कळतं. मेंदूत ओतता येईल असा चुना कुणाकडे नाही.

मृग लागायच्या आत बागेला पेस्ट लावायची होती, म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी मी अण्णांना आणि मायला पालीला पोचवायला गेले. डिकीत पोतं होतं. हंडा जागेवर ठेवला, घंगाळ न्हाणीत नेलं, ताम्हण आणि पळी देवघरात ठेवली. मायनं ताम्हण पदरानं पुसलं. मी म्हणाले, "माय, चुकलं माझं." ती देवाकडे तोंड करून बसली होती, तिनं उदबत्ती लावली आणि उठून चुलीकडे गेली.

बागेत भाऊ पेस्ट करत होता. अण्णांना आम्ही झाडाखाली खुर्चीत बसवलं होतं. भाऊ घाईत होता, त्याला बीडला जायचं होतं, आणि चुना मागच्या वर्षीचा, गोणीत हवा लागून भुसभुशीत झालेला. त्यानं दोन्ही टप तिसऱ्यात ओतले, ढवळलं, ब्रश बुडवला आणि पहिल्या झाडाकडे निघाला.

"थांब बे," अण्णा म्हणाले.

भाऊ थांबला. कितीतरी महिन्यांत अण्णांनी त्याला अशा आवाजात थांबवलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, मी आधाराला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. ते बागेतल्या कोपीजवळ, राखणीच्या झोपडीजवळ गेले, तिच्या तुराट्यांच्या कुडात हात घातला आणि तिथून विळा काढला. कुडात विळा आहे हे भावालाही माहीत नव्हतं. दगडावर बसून त्यांनी पातं घासलं, पुढून, मागून, अंगठ्यानं तपासलं. टपाजवळ आले आणि पातं रबड्यात बुडवून धरलं. हात जराही हलत नव्हता. ज्या माणसाला सकाळी सदऱ्याची गुंडी कुठल्या काजात जाते ते समजलं नव्हतं तो माणूस किती वेळ धरायचं हे बरोबर जाणत होता. मी भावाकडे बघितलं, त्यानं ब्रश खाली ठेवला होता.

अण्णांनी विळा बाहेर काढला. पात्यावर तांबडा थर होता.

ते त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले. ऊन त्या थरावर पडून चमकत होतं. मग त्यांनी मान वळवली आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे विळा धरून विचारलं, "बाई, हे तांबडं कावून झालं?"

हातांना माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. एका माणसात हे दोन्ही कसं नांदतं हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. मी म्हणाले, "जेवढं तांबं चुन्यानं धरलं तेवढं गुमान बसलंय, अण्णा. जे मोकळं राह्यलं ते सापडंल त्याला धरतंय. आज इळ्याला धरलं."

ते लक्ष देऊन ऐकत होते. "मग आता?"

"आता अजून चुना. तांबं वाईट न्हाई. मोकळं सुटलेलं वाईट."

"बराबर," ते म्हणाले. पहिल्यांदाच ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं आणि त्यांना ते पटलं. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "लई हुशार हाय तू. कोणाची गं?"

"तुमचीच, अण्णा."

ते हसले, कुणी पाहुण्यानं आपुलकीनं काही म्हटलं की आपण हसतो तसं. भाऊ गोणीत हात घालून खालचा, हवा न लागलेला चुना शोधत होता. तो त्यानं फोडला, गाळला, टपात ओतला. अण्णांनी पातं पुन्हा घासलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा काढलं. पातं पांढरंच राहिलं. त्यांनी ते आधी भावाला दाखवलं, मग मला, मग झाडाला टेकवलं.

दुपारपर्यंत चार ओळी झाल्या. आम्ही घरी आलो तेव्हा उन्हानं माझं डोकं धरलं होतं. अण्णा खाटेवर मांडी घालून बसले, मायनं त्यांच्यापुढे तांब्या ठेवला. त्यांनी तो उचलला आणि तसाच थांबवला. दारात मी उभी होते.

"हिला आधी दे," ते मायला म्हणाले. "लांबून आलीय. आपल्या घरचं पाणी पिऊ दे तिला."

मायनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि माझ्यापुढे धरला. "घे," ती म्हणाली. दोन आठवड्यांतला तिचा माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द होता. मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, अण्णांसारखा वर धरला, आणि पाणी प्याले.